बोट दाखवणारं कार्ड

साक्षी कार्डाने सन्मतीचं नाव दुसऱ्यांदा घेतलं, तेव्हा त्याच्या बहिणीला, प्रणालीला, वाईट वाटलं नाही. खोटं कशाला बोला, तिला बरंच वाटलं. गेली दोन वर्षं ती घरात आणि बाहेर जे सांगत होती, ते एकदाचं लिहून आलं होतं.

झालं असं, की टेस्ट बेंचवर चारशे अँपियरचं एक वेल्डिंग मशीन चालू होतं. अकराच्या सुमारास फटाक् करून एमसीबी पडली, मशीनचा पंखा घरघरत थांबला आणि इनपुटला बसवलेल्या कार्डाच्या पट्टीवर अक्षरं सरकू लागली. 'इनपुटवर धक्का. मशीन सुरक्षित. उगम: पश्चिम, चौदा मीटर. प्लॉट सतरा-ब.'

सतरा-ब म्हणजे भिंतीपलीकडचं शेड. तिच्या थोरल्या भावाचं, सन्मती हेरवाडेचं. तिकडे गेट, ग्रिल, ट्रॉल्या व्हायच्या. इकडे सतरा-अ मध्ये प्रणाली वेल्डिंग मशिनं दुरुस्त करायची. त्यांचे वडील, भूपालतात्या, होते तोवर दोन्ही मिळून एकच शेड होतं आणि मध्ये भिंत नव्हती.

आता भावाचं नाव आलं म्हणून लगेच मान डोलवणाऱ्यांतली प्रणाली नव्हती हं. वीस वर्षं हातात मीटर धरलेली बाई. तिने मशीन आधी सिरीज बल्बवर घेतलं. ही जुनी युक्ती. विजेच्या वाटेत दोनशेचा बल्ब लावायचा. मशीनमध्ये शॉर्ट असेल तर बल्ब भक्कन पेटतो, नसेल तर एकदा उजळून मंद होतो. बल्ब मंद झाला. मग तिने तिन्ही फेज मोजले, मेन स्विचचे नट पान्याने आवळून पाहिले, सुरुवातीचा करंट हळूहळू आत सोडणारा रिले तपासला, आणि धक्का गिळणाऱ्या निळ्या चकत्या एकेक करून भिंगाखाली धरल्या. एकही काळी पडलेली नव्हती. मशीनमध्ये दोष नाही, लाइनमध्ये दोष नाही. मग उरलं काय? पश्चिम, चौदा मीटर.

हे साक्षी कार्ड औद्योगिक वसाहतीत आलं ते शेवटचा डिझेल जनरेटर भंगारात गेला त्या वर्षी. वेल्डिंग मशीनच्या दारात, म्हणजे वीज जिथून आत शिरते तिथे, राखण पूर्वीपासून असायचीच. फ्यूज असायचा, निळ्या चकत्या असायच्या. लाइनवर व्होल्टेजचा धक्का आला की चकती तो अंगावर घ्यायची आणि अर्थिंगच्या वायरीतून जमिनीत सोडून द्यायची. धक्का फारच मोठा असला तर चकती मरायची आणि मशीन वाचायचं. पण धक्का दिला कुणी, हे ती मरताना सांगायची नाही.

साक्षी कार्ड सांगायचं. सेकंदाला दहा लाख वेळा ते लाइन चाचपत असे. ठिणगी पाडताना प्रत्येक मशीन लाइनमध्ये आपली एक लकब सोडतं, आणि ती लकब तीन फेज आणि अर्थ अशा चार वायरींवरून किंचित मागेपुढे पोचते. त्या फरकावरून कार्ड दिशा काढायचं आणि अंतर काढायचं. गल्लीत कुणाचा कुकर झाला हे बायकांना शिट्टीवरून कळतं ना, तसंच.

वस्तू हुशार, यात वाद नाही. नियम केला तो वसाहतीच्या सोसायटीने, तोही एकमताने. महिन्यात तीनदा ज्याचं नाव येईल, त्याची थ्री-फेज वर्षभर बंद. लोक त्याला 'तीन बोटं' म्हणू लागले. तिसऱ्या बोटानंतर बहात्तर तासांत कार्ड कंपनीच्या अधिकृत तंत्रज्ञाने तपासणीचा अहवाल सही करून पाठवायचा. मग लाइनमनसुद्धा लागत नाही, खांबावरचा स्विच आपोआप पडतो. आणि अख्ख्या वसाहतीत अधिकृत तंत्रज्ञ एकच होती. दारावर निळी पाटी लावलेली प्रणाली हेरवाडे.

पूर्वी लाइट गेली की सगळे मिळून लाइटवाल्यांना शिव्या घालायचे. त्यात एक एकी होती. आता एमसीबी पडली की माणूस आधी पट्टी वाचायचा आणि मग शेजारच्या शेडकडे बघायचा. कुणी नवं मशीन आणलं की 'कशाला आणलं असेल?' कुणी सुट्टीच्या दिवशी शटर उघडलं की 'आज काय करतोय हा?' टपरीवर दोघं चहा पीत बसायचे आणि तिसरा आला की गप्प व्हायचे.

चार शेडांची लाइट या तीन बोटांनी गेली होती, आणि चारही अहवालांवर सही प्रणालीची. त्यातला एक दस्तगीर मुजावर, तात्यांचा दोस्त. लहानपणी प्रणालीच्या हातात वेल्डिंगचा होल्डर पहिल्यांदा त्यानेच दिला होता. त्याचं ट्रेलरचं शेड बंद पडलं आणि आता तो वसाहतीच्याच गेटवर वॉचमन होता. पूर्वी 'काय पोरी' म्हणायचा, आता 'या मॅडम' म्हणून दांडा वर करायचा. प्रणाली मान खाली घालून स्कूटर आत घ्यायची. नियम तो नियम, असं स्वतःला सांगायची.

सन्मतीने मात्र कार्ड बसवूनच घेतलं नव्हतं. "माझ्या मशिनीला चुगलखोर नको," असं तो चारचौघांत म्हणाला, आणि तिथून बिनसलं. प्रणालीला मान्यता द्यायला कार्ड कंपनीला स्वच्छ, बंद टेस्ट रूम हवी होती, म्हणून शेडमध्ये भिंत आली. मागच्या अंगणात पेव्हर ब्लॉक आले. ते बसत असताना सन्मती भिंतीपलीकडून म्हणाला, "खाली खड्डा हाय, ठाऊक हाय न्हवं? पाणी कसं घालणार?"

खड्डा म्हणजे अर्थिंगचा. तात्यांनी स्वतः उभं राहून आठ फूट खणून घेतलेला. तळाला तांब्याची प्लेट, वर लोणारी कोळसा आणि मीठ यांचे थर. दोन्ही शेडांच्या अर्थच्या वायरी तिथेच उतरायच्या. तात्या रोज सकाळी आल्या आल्या त्यात दोन बादल्या पाणी ओतायचे आणि मगच चहाला बसायचे. खड्डा तहानला की मशिनं खातो, असं त्यांचं म्हणणं.

"अण्णा, आता अर्थ कार्ड बघतं. हिरवा दिवा लागतो," प्रणालीने उत्तर दिलं. "तुळशीला पाणी घातल्यासारखं करायचे दिवस गेले."

त्यानंतर बहीण-भाऊ कामापुरतंही बोलले नाहीत.

तर, दुसरं बोट झालं आणि प्रणालीने कॅमेऱ्याचं चित्रण रोज मागे नेऊन बघायला घेतलं. तिच्या छपरावरचा कॅमेरा भिंतीपलीकडचं थोडं टिपायचा. सकाळी पावणेसात. सन्मती एकटाच, शटर अजून बंद. तो भिंतीच्या बुडाशी उकिडवा बसला, आजूबाजूला बघितलं, आणि पाच मिनिटं काहीतरी करत राहिला. भिंतीमुळे हात दिसत नव्हते, नुसतं डोकं आणि खांदे. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. अमावस्येलासुद्धा! अमावस्येला वसाहतीत कुणी मशीनला हात लावत नाही, सगळी शेडं बंद असतात. अशा दिवशी माणूस भिंतीशी बसून करतो काय?

"जाऊन विचार की त्याला," तिचा नवरा श्रेणिक पेपरातून डोकं न काढता म्हणाला.

"वा! चोराला विचारू, चोरी करतोस का म्हणून?"

त्याच अमावस्येच्या दुपारी, सन्मतीच्या शेडला कुलूप असताना, ती वळसा घालून पलीकडे गेली. भिंतीच्या बुडाशी दोन इंची पाइपचं तोंड होतं, त्यात फाटक्या बनियनचा बोळा. पाइप जमिनीत शिरून सरळ तिच्या हद्दीत जात होता. तोंडाशी पांढरं काहीतरी सांडलेलं. तिने बोटावर घेऊन जिभेला लावलं. मीठ.

मीठ आणि पाणी! विजेच्या कामात यापेक्षा घातकी जोडी नाही. खारं पाणी वायरीत शिरलं की वीज नको तिथे पाझरते. भाऊ आपल्या अंगणाखाली खारं पाणी सोडतोय, आपली मशिनं बंद पाडतोय, कार्ड कुचकामी ठरावं म्हणून. दुसरं काय असणार? संशयाने एकदा डोकं धरलं की माणसाला स्वतःच्या बापाने शिकवलेलंही आठवत नाही. ती परत गेली, झटपट सुकणारं सिमेंट कालवून आणलं, पाइप बुजवला आणि बनियनचा बोळा होता तसा वर ठेवून दिला.

दुसऱ्या सकाळी कॅमेऱ्यात सन्मती बसला, लगेच उठला आणि बराच वेळ तिच्या भिंतीकडे बघत उभा राहिला. मग निघून गेला. पुन्हा आला नाही. 'पकडला गेला, आता कशाला येतोय,' प्रणाली म्हणाली.

पण कार्डाची कुरकुर थांबली नाही, वाढली. दिवसातून दोनदा पट्टीवर इशारा यायचा. बाराव्या दिवशी, मे महिन्याच्या त्रेचाळीस डिग्रीत, फटाक्! 'उगम: पश्चिम, चौदा मीटर.' तिसरं बोट.

आता सही केली की सन्मतीच्या शेडची लाइट गेली, वर्षभर. त्याच्याकडे अकरा माणसं कामाला. फॉर्म फोनवरच होता, पण प्रणालीचा अंगठा थांबला. मायेने नव्हे हो. लोक म्हणतील, भावावरचा राग काढला, या विचाराने. हा अहवाल असा व्हायला हवा होता, की कुणाला नाव ठेवायला जागा राहू नये. फॉर्ममध्ये एक ओळ होती: 'अर्थिंग: कार्डाने तपासलं' किंवा 'हाताने मोजलं'. आधीच्या चारही वेळा तिने पहिलं निवडलं होतं. या वेळी हाताने मोजायचं तिने ठरवलं.

माळ्यावरून तात्यांचा अर्थ मेगर खाली आला. काळा जड डबा, बाजूला हँडल, सोबत जमिनीत ठोकायचे दोन लोखंडी खुंटे. खुंटे अंतर राखून ठोकायचे, खड्ड्याची वायर सोडवून डब्याला जोडायची आणि हँडल फिरवायचं. जमीन वीज किती सहज पिते ते काटा सांगतो. दोन ओहमच्या आत आला तर उत्तम, पाचपर्यंत चालवून घ्यायचं.

खुंट्यांपुरते पेव्हर तिने आधी काढले. मग पहार घेऊन खड्ड्यावरचे उचकटले, घामाने निथळत झाकण सरकवलं आणि खाली पाहिलं.

खड्डा कोरडा ठणठणीत होता. कोळशाचा भुगा झाला होता. माती भेगाळून अर्थच्या पाइपापासून सुटली होती, मधल्या फटीत बोट जात होतं. आणि खड्ड्याच्या काठाला, तात्यांच्या जुन्या नरसाळ्यात, एक दोन इंची पाइप येऊन थांबला होता. बाइंडिंग वायरने नीट आवळून बांधलेला. पेव्हर बसत असताना कुणीतरी गुपचूप पुरून घेतलेला. नरसाळ्याभोवती मिठाचे पांढरे थर वाळून बसले होते.

तिने वायर सोडवली, हँडल फिरवलं. काटा एकशे चाळीसवर गेला. पुन्हा फिरवलं. एकशे चाळीस.

प्रणाली तिथेच पेव्हरच्या ढिगावर बसली. तिला लाज वाटली, इतकी की कुणी बघत नसतानाही तिने पदराने तोंड पुसलं.

हिरवा दिवा खोटं बोलत नव्हता. वायर खड्ड्यापर्यंत अखंड आहे का, एवढंच तो बघायचा, आणि ती अखंडच होती. खड्डा वीज पितोय की नाही हे कळायला जमिनीत खुंटे ठोकावे लागतात. कार्ड ते कुठून करणार? प्रत्येक वेल्डिंग मशीन ठिणगी पाडताना थोडा विजेचा कचरा अर्थमध्ये टाकतंच. ओल्या खड्ड्यात तो मुरून जातो. खड्डा सुकला की जमिनीत जायला वाटच उरत नाही, आणि तो त्याच खड्ड्याला जोडलेल्या दुसऱ्या वायरीने उलटा वर चढतो, शेजारच्या मशीनच्या अंगावर. कार्डाला तो धक्का वाटायचा, आणि लकब सन्मतीच्या मशीनची म्हणून ते त्याचं नाव घ्यायचं. वरून पाऊस मुरायला तिने जागा ठेवली नव्हती. सन्मतीच्या दोन बादल्यांवर खड्डा कसाबसा तग धरून होता, आणि त्याही तिने स्वतःच्या हाताने बंद केल्या होत्या.

ती वळसा घालून गेली. सन्मती एका ग्रिलला टाके मारत होता. तिला बघून त्याने डोळ्यांवरची काच वर केली.

"तू पाणी घालत होतास," ती म्हणाली.

"मग काय लोणचं घालत होतो?"

"सांगायचं नाहीस मला?"

"सांगितलं की! तू म्हणालीस, तुळस. म्हटलं, ऱ्हाऊ दे, हिला नको तर आपण घालावं. तात्यांचा खड्डा हाय." त्याने होल्डर खाली ठेवला. "पाइप बुजलेली बघितली आणि कळलं, तू माझ्यावर काय आळ घेतीयास ते. मग माझंबी डोस्कं फिरलं. म्हटलं, पडू दे लाइट. बहिणीनंच पाडली म्हणून सांगीन सगळ्यांस्नी."

"आणि तुझी अकरा माणसं?"

"त्यांच्या तोंडाकडं बघवंना झालंय मला," तो म्हणाला, आणि बादली शोधायला गेला.

दोघांनी मिळून दहा-बारा बादल्या ओतल्या. माती चरचर आवाज करत पाणी पीत राहिली. मीठ घातलं, नवा कोळसा दाबला. तासाभराने काटा चोवीसवर आला. दुसऱ्या दिवशी दुपारी, आणखी पाणी मुरल्यावर, तीनवर. सन्मतीने आपलं सगळ्यात मोठं मशीन चालवून पाहिलं, आणि पलीकडे कार्ड गप्प राहिलं.

"झालं तर," सन्मती हात पुसत म्हणाला. "आता ते तिसरं बोट रद्द कर आणि विषय संपव. तुझी पाटीबी ऱ्हाईल, माझी लाइटबी."

तशी सोय फॉर्ममध्ये होती. 'किरकोळ कारणाने रद्द', एक टिचकी. त्याच्या खाली दुसरी ओळ होती, 'दोष तक्रारदाराचा'. ती निवडली की कारण लिहावं लागायचं, तंत्रज्ञाची मान्यता तिथल्या तिथे थांबायची, आणि त्याने सही केलेले जुने सगळे अहवाल पुन्हा उघडायचे.

"आणि दस्तगीरचाचा?" प्रणालीने विचारलं.

सन्मतीने रिकामी बादली पालथी घातली. 

दस्तगीरच्या शेडचं तिला आता लख्ख आठवलं. तिसऱ्या बोटाच्या दिवशी तो तिच्यामागे मागे फिरत होता. "पोरी, खड्डा बघ की एकदा. शेजाऱ्यानं वर फरशी घातलीया." तिने त्याला कार्डावरचा हिरवा दिवा दाखवला होता. त्याने तिला 'पोरी' म्हटलं ते शेवटचं.

"अण्णा, लपवलं तर माझ्याच्याने त्या गेटातून आत येववणार नाही," ती म्हणाली, आणि खालची ओळ निवडली. कारणाच्या जागी लिहिलं: 'अर्थिंगचा खड्डा कोरडा. मी मोजला नव्हता. आधीच्या चारही ठिकाणी मोजला नव्हता.' पाठवलं. दोन मिनिटांत कंपनीचा निरोप आला, मान्यता स्थगित. सन्मतीने स्टूल आणून निळी पाटी उतरवली आणि तिच्या बेंचखाली ठेवली.

तिसऱ्या प्रहरी ती मेगर आणि खुंटे घेऊन गेटवर गेली. दस्तगीर सावलीत खुर्ची टाकून बसला होता. तिला बघून दांड्याकडे उठला.

"चाचा, बाहेर नाही जायचं. तुमच्या शेडचा खड्डा मोजायचाय. याल?"

तो तिच्या हातातल्या डब्याकडे बघत राहिला. तात्यांचा डबा त्याला अनोळखी नव्हता. "आता?" एवढंच म्हणाला, आणि कमरेची किल्ली चाचपत पुढे चालू लागला.

त्याचा आणि शेजाऱ्याचा खड्डा एकच होता, शेजाऱ्याच्या फरशीखाली. शेजारी दारात येऊन उभा राहिला. आधी कपाळाला आठ्या घालून बघत होता, मग प्रणालीने सगळं सांगितलं तेव्हा स्वतःच पहार घेऊन आला. झाकण निघालं. आत धूळ होती. प्रणालीने खुंटे ठोकले, वायर जोडली, आणि हँडल दस्तगीरने हातात घेतलं.

"किती?" त्याने फिरवत विचारलं.

"दोनशे दहा."

"आणि पायजे किती?"

"दोन."

त्याचा हात थांबला. "नऊ महिनं," तो म्हणाला. "नऊ महिनं त्या दांड्याला धरून उभा हाय मी. ज्यांनी माझ्याकडनं ट्रेलर न्हेले, त्यांच्यासाठी दांडा वर करतोय."

"चूक माझी आहे, चाचा. सगळी. तुम्ही सांगत होतात आणि मी ऐकलं नाही."

त्याने शर्टाच्या खिशातून प्लास्टिकच्या पिशवीत घडी करून ठेवलेला कागद काढला. तिच्याच अहवालाची प्रत होती. अर्थिंगच्या ओळीखाली पेनाने इतक्यांदा रेघ मारली होती, की कागद तिथे फाटायला आला होता. त्याने तो फरशीवर पसरला, खिशाचं पेन तिच्यापुढे धरलं.

"लिहा, मॅडम," तो म्हणाला. "पण ह्या वेळी मोजून लिहा."

प्रणालीने त्याला हँडल पुन्हा एकदा फिरवायला सांगितलं. काटा ठरेपर्यंत ती थांबली. मग त्या ओळीपुढे दोनशे दहा लिहिलं आणि खाली आपलं नाव घातलं.